लाइट गेल्यावर फोन कोणी सांभाळायचा?

पत्र (थोडक्यात)

पत्रलेखिका नोकरीनिमित्त आईपासून दूर राहतात. आई ७८ वर्षांच्या, घरी एकट्या. वडिलांनी घेतलेला लँडलाइन घरात अजून आहे आणि तो नंबर सगळ्या गोतावळ्याला पाठ आहे. गेलं वर्षभर लाइनवर खरखर येते आणि पाऊस पडला की फोन बंदच पडतो. आता कंपनीनं कळवलं आहे की तांब्याची लाइन काही महिन्यांत बंद होईल, त्याऐवजी फायबरचं इंटरनेट आणि त्यावर चालणारा फोन घ्या. धाकट्या भावाचं म्हणणं, "घरचा फोन हवाच कशाला? आईला चांगला मोबाईल देऊ, नाहीतर टॅबवर अ‍ॅप टाकू. पैसेही वाचतील." पण आईंना मोबाईलवर नीट ऐकू येत नाही आणि तो चार्जिंगला लावायचाही राहून जातो. पडलं-झडलं तर दाबायचं एक बटण त्यांच्या गळ्यात असतं, त्याचा डबा लँडलाइनला जोडलेला आहे. आई एकाच मुद्द्यावर अडून बसल्या आहेत: "लाइट गेली की तुमचा इंटरनेटचा फोन मुका होणार. मला आहे तोच हवा." यावरून मायलेकांत चांगलंच वाजलं आहे. पत्रलेखिका विचारतात, "आईचा हट्ट कसा मोडू? आणि अशी कोणती सेवा घेऊ, की काही बदललंय हे तिला कळणारसुद्धा नाही?"

उत्तर

ताई, हट्ट मोडायचं नंतर बघू. आधी मला सांगा, या सगळ्या वादात फोनबद्दलचा नेमका तांत्रिक प्रश्न कोणी विचारला? भावानं पैशांचा विचारला, तुम्ही समजुतीचा विचारलात. लाइट गेल्यावर काय, हे फक्त आईंनी विचारलं. आणि त्या बरोबर आहेत.

जुन्या लँडलाइनच्या दोन तारांमधून आवाजाबरोबर वीजही येते. एक्स्चेंजकडून सुमारे ४८ व्होल्टचा दाब त्या तारांवर कायम दिलेला असतो, साधा वायरचा फोन तेवढ्यावरच चालतो. एक्स्चेंजमध्ये बॅटऱ्यांच्या रांगा असतात आणि त्यांच्या पाठीशी जनरेटर. म्हणून घरात मिट्ट काळोख असला तरी रिसीव्हर उचलला की टोन येतो. आईंना ते ४८ व्होल्ट माहीत नसतील, पण वादळाच्या रात्री शेजारीपाजारी अंधारात असताना आपला फोन चालू होता, हे त्यांच्या चांगलं लक्षात आहे.

फायबर म्हणजे काचेचा तंतू. त्यातून प्रकाश येतो, वीज येत नाही. तो प्रकाश घरात शिरला की त्याचे सिग्नल करणारा एक डबा लागतो, मग राउटर, आणि फोन जोडायची सोय राउटरमध्येच नसेल तर आणखी एक अडॉप्टर. या प्रत्येकाला घरातल्या प्लगमधून वीज हवी. यांतलं एक जरी बंद पडलं तरी फोन गेला. म्हणजे बॅटरी, वीज, यंत्रं असं जे काही इतकी वर्षं एक्स्चेंजमधली पगारी माणसं सांभाळत होती, ते यापुढे आईंच्या बैठकीच्या खोलीत येणार आहे. सेवा कोणती घ्यायची हे त्यानंतर. आधी ठरवायचं ते हे, की तिथलं एक्स्चेंज सांभाळणार कोण?

तरीही आईंच्या म्हणण्याची एक बाजू तपासून घ्या. त्यांचा सध्याचा फोन वायरचा आहे की कॉर्डलेस? कॉर्डलेसचा तळ भिंतीतल्या प्लगवर चालतो, लाइट गेली की तो आजही बंदच पडतो. तसा असेल तर ज्या भरवशासाठी आई भांडताहेत तो त्यांना आत्ताही मिळत नाहीये. आणि पावसात बंद पडणारी लाइन ही काही अडीअडचणीची लाइन नव्हे. जोडांत पाणी शिरून तांबं खराब होतं तेव्हा अशी खरखर येते, आणि जे जाळं कंपनी बंदच करणार आहे त्याची मनापासून दुरुस्ती करायला कोणी येत नाही. तेव्हा 'आहे तोच' हा पर्याय आईंपुढे फार दिवस नाही. हे त्यांना सरळ सांगा. "तुझं म्हणणं खरं आहे, पण ती लाइन राहणार नाहीये, लाइट गेल्यावर काय करायचं ते आपण ठरवू," एवढं वाक्य तुमच्या भावाच्या सगळ्या युक्तिवादांपेक्षा जास्त काम करेल असं मला वाटतं.

तुमच्या पत्रातलं 'तिला कळणारसुद्धा नाही' मला खटकलं. हेतू चांगला आहे, आईला त्रास नको. पण हा बदल त्यांना कळलाच पाहिजे. नव्या फोनचं सगळं क्षेमकुशल त्या डब्यावरच्या दिव्यांवरून कळतं. कुठला दिवा हिरवा असायला हवा, तो विझला किंवा लाल झाला तर काय करायचं, कुठला प्लग झाडू मारताना हलवायचा नाही, हे त्या घरात राहणाऱ्या माणसाला ठाऊक हवं. न सांगता बदललात तर पहिल्यांदा फोन बंद पडेल तेव्हा त्या जुनीच खरखर समजून गप्प बसतील, आणि तुम्हाला दोन दिवसांनी कळेल.

आता विजेची सोय. राउटरसाठी छोटे डीसी यूपीएस (लाइट गेली की आतल्या बॅटरीतून वीज देणारे डबे) मिळतात, त्यांनी काम भागतं. फक्त आकडे नीट वाचा. फायबरचा डबा आणि राउटर मिळून समजा १५ वॅट घेतात. यूपीएसच्या खोक्यावर मोठ्या अक्षरांत '१०,००० एमएएच' लिहिलेलं असतं आणि वाचणाऱ्याला वाटतं, दिवसभराची सोय झाली. तो आकडा बहुधा आतल्या सेलच्या ३.७ व्होल्टवर मोजलेला असतो. म्हणजे ३७ वॅट-तास. १५ वॅटला ते कागदावर अडीच तास पुरतात, प्रत्यक्षात दोन तास धरा. तुमच्या आईंकडे लाइट जाते ती किती वेळ, यावर मोठा यूपीएस घ्यायचा की छोटा ते ठरवा. डब्यांना किती व्होल्ट लागतात (१२, ९ की ५) ते त्यांच्या विजेच्या अडॉप्टरवर लिहिलेलं असतं; चुकीची पिन घातली तर राउटरच जळायचा. या बॅटऱ्या काही वर्षांत दमतात, आणि दमल्या हे लाइट जाईपर्यंत कोणाला कळत नाही.

घरात इन्व्हर्टर असेल तर काम सोपं, पण तिथे एक बारीक खोच आहे. वीज गेल्यावर इन्व्हर्टर चालू व्हायला जो क्षण लागतो तेवढ्यात काही राउटर बंद होऊन पुन्हा सुरू होतात, आणि मग फोन यायला दोन-तीन मिनिटं जातात. आईंनी नेमकं त्याच वेळी फोन उचलला तर 'बघ, मी म्हटलं नव्हतं?' हे ऐकायची तयारी ठेवा. छोटा यूपीएस मध्ये लावला की ही खोच जाते.

तुम्हाला फायबर मिळतंय ही त्यातल्या त्यात बरी गोष्ट. एक्स्चेंजपासून घरापर्यंत वाटेत प्रकाश विभागणारी जी उपकरणं असतात, त्यांना घरगुती फायबरच्या नेहमीच्या पद्धतीत वीज लागतच नाही. दोन्ही टोकांना बॅटरी असली की झालं. केबलवाल्याचं इंटरनेट असेल तर वाटेत ठिकठिकाणी विजेवर चालणारे अ‍ॅम्प्लिफायर असतात. तिथे तुमच्या घरचा यूपीएस कितीही मोठा असला तरी गल्लीतल्या खांबावरचा डबा बंद पडला की फोन बंद.

आणि हे सगळं लावून झालं की मेन स्विच खाली ओढा आणि फोन लावून बघा. आईंच्या हातानं, त्यांच्या समोर. त्यांच्या शंकेचं याहून चांगलं उत्तर तुमच्याकडे नाही. नापास झालात तर लाइन अजून चालू असतानाच कळेल.

यापेक्षाही मला काळजी वाटते ती त्या गळ्यातल्या बटणाची. पत्रात तुम्ही त्याचा उल्लेख एका वाक्यात केलात. माझ्या दृष्टीनं सगळं प्रकरण तिथेच आहे. अशा बऱ्याच बटणांत, बटण दाबल्यावर डबा फोन लावतो आणि पलीकडच्या मदत-केंद्राशी सुरांच्या भाषेत बोलतो: कोण आहे, काय झालंय. हे सूर तांब्याच्या तारेसाठी बेतलेले आहेत. इंटरनेटवर आवाजाचे २० मिलिसेकंदांचे तुकडे पाडून पाठवतात, काही ठिकाणी जागा वाचवायला तो आवाज दाबतातही. माणसाच्या बोलण्यातला एखादा तुकडा हरवला तरी कान सावरून घेतो. यंत्राला तसं सावरता येत नाही, त्याचा सूर चुकला की निरोपच पोचत नाही. कधी पोचतो, कधी नाही, आणि हे 'कधी कधी' सगळ्यात वाईट.

हे केवळ तर्काचं भय नव्हे. ब्रिटनमध्ये जुनं फोनचं जाळं २०२५ अखेर बंद करायचं ठरलं होतं. लोकांना इंटरनेटच्या फोनवर हलवलं जाऊ लागलं तशा ही बटणं न चालल्याच्या गंभीर घटना पुढे आल्या. डिसेंबर २०२३ मध्ये सरकार आणि मोठ्या फोन कंपन्यांनी मिळून ग्राहकांना सक्तीनं नव्या फोनवर हलवणं थांबवायचं ठरवलं, आणि नंतर अंतिम मुदत जानेवारी २०२७ पर्यंत पुढे गेली. इतक्या तयारीच्या देशात ही गोष्ट नजरेतून सुटू शकते, तर फोन बसवायला आलेला मुलगा 'हो, चालेल की' म्हणाला एवढ्यावर तुम्ही विसंबू नका.

तर बटणवाल्या कंपनीला आधी फोन करा. लाइनवाल्या कंपनीला नंतर. त्यांना मॉडेल सांगा आणि विचारा, इंटरनेटच्या लाइनवर हे चालतं असं तुम्ही लेखी देता का? बहुतेक वेळा ते सिमकार्डावर चालणारा, स्वतःची बॅटरी असलेला नवा डबा सुचवतील. तो घ्या. मी तर म्हणेन, फोन कोणताही आला तरी बटण सिमवरच असू द्या, म्हणजे त्याचा आणि राउटरचा काही संबंधच राहणार नाही. नवा डबा बसल्यावर केंद्राला सांगून चाचणीचं बटण दाबा. जुनी लाइन त्यानंतरच सोडा.

पोलीस, रुग्णवाहिका यांच्या क्रमांकांचंही असंच आहे. जुनी लाइन विशिष्ट घरात जाते, त्यामुळे तिचा पत्ता कंपनीला पक्का माहीत असतो. इंटरनेटचा फोन कुठूनही लावता येतो. तुम्ही तोच अडॉप्टर उचलून स्वतःच्या घरी नेलात तर आईंचा नंबर तुमच्या बैठकीत वाजेल, आणि मदत मागितलीत तर ती आईंच्या पत्त्यावर जाईल. अमेरिकेत २००५ मध्ये दूरसंचार नियामकानं नेहमीच्या फोनजाळ्याला जोडलेल्या इंटरनेट-फोन कंपन्यांना सक्ती केली की ९११ चा (तिथल्या मदतीच्या क्रमांकाचा) कॉल ग्राहकानं नोंदवलेल्या पत्त्यासह योग्य केंद्राला गेलाच पाहिजे. सगळीकडे हा नियम सारखा नाही. तेव्हा कंपनीला दोन प्रश्न विचारा: तुमच्या सेवेवरून मदतीचा क्रमांक लागतो का, आणि कोणता पत्ता पलीकडे दिसतो? आईंच्या घराचा पत्ता, मजल्यासकट, नोंदवलेला आहे याची खात्री करा. चाचणी म्हणून मदतीचा क्रमांक उगाच फिरवू नका. कशी खात्री करायची ते कंपनीलाच सांगू दे. भावाच्या टॅबवरच्या अ‍ॅपची मुख्य अडचण हीच. अशा बऱ्याच अ‍ॅपवरून मदतीचा क्रमांक लागतच नाही. नातवंडांची तोंडं बघायला ते झकास आहे, रात्री दोन वाजता छातीत दुखल्यावर नाही.

भावावर मात्र सगळा राग काढू नका. एका बाबतीत त्याचं अर्धं खरं आहे. आईंना मोबाईलवर ऐकू येत नाही याचं कारण बहुधा मोबाईलचं जाळं नसून हातातलं यंत्र आहे. पातळ, गुळगुळीत पाटीवर कान नेमका कुठे लावायचा ते कळत नाही, आवाजाचं बटण चुकून दाबलं जातं. तसं पाहिलं तर जुन्या लँडलाइनवर आवाजाचा साधारण ३०० ते ३४०० हर्ट्झ एवढाच पट्टा जातो, आणि स, श, फ यांची ओळख पटवणारा बराचसा भाग त्याच्या वर राहतो. वयाबरोबर कान कमी होतात तेही आधी उंच सुरांना. नव्या पद्धतीत दोन्हीकडे सोय असेल तर ५० ते ७००० हर्ट्झपर्यंत आवाज जातो, बोलणं समोर बसल्यासारखं स्वच्छ येतं. पण जुना फोन अडॉप्टरला जोडलात तर त्या जोडणीत तोच जुना अरुंद पट्टा राहतो. फायदा हवा तर त्यासाठी बनवलेला नवा सेट लागतो. मी आईंसाठी हा फायदा सोडून देईन आणि जुना, जड रिसीव्हरचा, मोठ्या आकड्यांचा फोन तसाच ठेवीन. हाताची सवय इथे जास्त मोलाची आहे. हवं तर आवाज वाढवायची सोय असलेला वायरचा सेट बघा, आणि त्या श्रवणयंत्र वापरत असतील तर त्याच्याशी जुळणारा.

इंटरनेटचा वेग ही विक्रेत्यांची आवडती बाजू. तिच्यावर फार वेळ घालवू नका. फोनवरच्या बोलण्याला एका दिशेनं जास्तीत जास्त १०० किलोबिटच्या आसपास लागतं. सगळ्यात स्वस्त योजनेतही ते कितीतरी पटीनं मिळतं. महत्त्वाचं काय, तर आवाजाचे तुकडे वेळेवर आणि एका लयीत पोचणं. एका दिशेचा उशीर १५० मिलिसेकंदांच्या आत असला तर बोलणं सहज वाटतं; त्याहून फार वाढला की दोघं एकदमच बोलायला लागतात आणि दोघं एकदमच थांबतात. आईंच्या घरी एकट्या त्याच असताना हा प्रश्न येणार नाही. तुम्ही सगळे सुट्टीला जाऊन तिथून फोटो-व्हिडिओ चढवायला लागलात की येईल. तेव्हा राउटरमध्ये फोनला पहिलं प्राधान्य द्यायची सोय असेल तर ती लावून टाका. अडॉप्टर वायरनंच जोडा, वायफायवर नको.

नंबरबद्दल. तो आईंना आणि तुम्हा सगळ्यांनाच जिवाचा असणार. तो टिकतो का, हे तुमच्याकडचे नियम आणि कंपनी यांवर अवलंबून आहे. त्याच कंपनीच्या नव्या सेवेवर जाताना तो टिकायची शक्यता जास्त. इथे लोक एक घोळ हमखास घालतात: जुनी लाइन आधी बंद करतात आणि मग नंबर मागायला जातात. बंद केलेला नंबर परत मिळेलच असं नाही. नंबर हलवायचा अर्ज चालू लाइनवरच करायचा, आणि तो हलल्यावर जुनी आपोआप बंद होते की वेगळं कळवावं लागतं ते विचारायचं.

दुसरं, ते कनेक्शन नावावर कोणाच्या आहे? वडिलांनी घेतलेला फोन म्हणता, म्हणजे अजून त्यांच्याच नावावर असण्याची शक्यता दाट. अर्जावरचं नाव आणि खात्यावरचं नाव जुळलं नाही की अर्ज परत येतो. आधी लाइन आईंच्या नावावर करून घ्या. त्या कागदांवर सही करताना त्यांना काय वाटेल याचा अंदाज तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त आहे. ते काम फोनवरून उरकू नका, प्रत्यक्ष जाऊन शेजारी बसून करा. कदाचित 'आहे तोच हवा' यामागे लाइटखेरीज हेही असेल.

आता पर्याय. कंपनीची स्वतःची फायबरवरची फोनसेवा घेतलीत तर राउटरच्या मागच्या खाचेत जुनाच फोन जोडला जातो आणि बिघडलं तर एकाच ठिकाणी भांडायचं असतं. वेगळ्या इंटरनेट-फोन कंपनीची सेवा आणि स्वतःचा अडॉप्टर घेतलात तर स्वस्त पडू शकतं, सोयीही जास्त मिळतात; पण बंद पडल्यावर इंटरनेटवाला म्हणतो फोनवाल्याला विचारा, आणि फोनवाला म्हणतो तुमचं इंटरनेट बघा. या भांडणात ७८ वर्षांच्या बाईंना टाकू नका. तिसरा पर्याय तुमच्या कोणाच्याच बोलण्यात आला नाही: टेबलावरचा, दिसायला लँडलाइनसारखाच, पण आत सिमकार्ड आणि बॅटरी असलेला फोन. त्याला इंटरनेट लागत नाही, राउटर लागत नाही, आणि लाइट गेल्यावर तो काही तास चालतो. मोबाईलच्या टॉवरची बॅटरीही अमर नसते, हे खरं. घरात रेंज चांगली हवी, हेही.

मी तुमच्या जागी असते तर आईंसाठी पहिला पर्याय घेतला असता, जुना फोन आणि जुना नंबर त्यावर ठेवला असता, आणि सिमवाला टेबल-फोन झोपायच्या खोलीत बसवला असता. बैठकीतला बंद पडला तर आतला, आणि बटण त्या दोघांपासून स्वतंत्र. घरात इंटरनेट कोणाला नकोच असेल आणि रेंज दणदणीत असेल, तर एकटा सिमवाला फोनही पुरेल. तिथे जुना नंबर हलवता येतो का तेवढं आधी विचारा.

या सगळ्यात भावानं म्हटलेले पैसे किती वाचतील? यूपीएस, दुसरा फोन, नवं बटण धरलंत तर पहिल्या वर्षी बहुधा काहीच नाही. हे त्याला आधीच सांगा. मात्र काही सोयी अशा आहेत ज्या जुन्या लाइनवर सहसा नव्हत्या. बऱ्याच सेवांत एकाच वेळी दोन ठिकाणी घंटी वाजवता येते, किंवा आईंचा फोन अमुक वेळ उचलला नाही तर तो तुमच्याकडे येतो. आलेल्या-चुकलेल्या कॉलची यादी लांबून बघता येते (आईंना विचारून, गुपचूप नाही). त्रासदायक नंबर अडवता येतात. फसवणुकीचे फोन मात्र थांबणार नाहीत. समोर दिसणारा नंबर खोटाही दाखवता येतो, हे आईंना नीट समजावा. खात्याचा पासवर्ड आणि राउटरचा मूळचा पासवर्ड पहिल्याच दिवशी बदला, परदेशी कॉल करायची गरज नसेल तर ते बंदच करून घ्या. चोरलेल्या खात्यावरून महागडे कॉल करून बिल फुगवणं हा या क्षेत्रातला जुना धंदा आहे.

उत्साह भावाला आहे, तर एक्स्चेंजची नोकरीही त्यालाच द्या. राउटर कुठला, पासवर्ड काय, यूपीएसची बॅटरी कधी घेतली, तक्रारीचा नंबर कोणता, हे एका कागदावर लिहून डब्याशेजारी चिकटवायचं. दर दोन-तीन महिन्यांनी मेन स्विच ओढून चाचणी घ्यायची. तो दूर असेल तर जवळपासचं एखादं विश्वासाचं माणूस ठरवून ठेवा, आणि त्या माणसाला डबा एकदा प्रत्यक्ष दाखवा. त्यानं ही जबाबदारी नाकारली, तर 'इंटरनेटचा फोन घ्या' हा त्याचा आग्रहही तुम्हाला तितका ऐकायला नको.

अशाच पेचात असलेल्या इतरांसाठी काही सुट्या गोष्टी. तांब्याच्याच तारेवरून इंटरनेट येत असेल तर फोन बंद केल्यावर तेही जाऊ शकतं, आधी विचारा. घरात फोनचे तीन-चार पॉइंट असतील आणि ते सगळे नव्या अडॉप्टरवर चालवायचे असतील, तर बाहेरून येणारी जुनी तार आधी पूर्ण तोडून घ्या, नाहीतर तिच्यावरचा दाब अडॉप्टरमध्ये शिरून तो जळू शकतो. गोल डायलचा फोन बऱ्याच अडॉप्टरना कळत नाही: घंटी वाजेल, बोलता येईल, नंबर फिरवता येणार नाही. फॅक्स, चोरीचा भोंगा, लिफ्टमधला फोन यांचंही गळ्यातल्या बटणासारखंच आहे, एकेकाची वेगळी चौकशी करा. स्वतःचा अडॉप्टर लावल्यावर आवाज एकाच बाजूनं येत असेल तर राउटरमधलं 'सिप एएलजी' नावाचं सेटिंग बंद करून बघा, बरेचदा तेवढ्यानं सुटतं. आणि घरात सगळे धडधाकट, प्रत्येकाच्या खिशात चार्ज केलेला मोबाईल, कुठलंही बटण नाही, असं असेल तर यातल्या निम्म्या गोष्टी विसरून स्वस्तातली सेवा घ्या. किंवा घेऊच नका.

ताई, तुमच्याकडे कंपनीची तारीख आहे आणि काम बरंच आहे. तेव्हा आजच कंपनीला लेखी कळवा की या घरात ७८ वर्षांच्या बाई एकट्या राहतात आणि वैद्यकीय मदतीचं बटण या लाइनवर आहे. पर्यायी व्यवस्था तपासून होईपर्यंत लाइन बंद करू नये. पोच घ्या. तोंडी सांगितलेलं कोणी नोंदवून ठेवत नाही. बसवायला माणूस येईल तो दिवस तुम्ही किंवा भाऊ तिथे असाल असाच निवडा, आणि शक्य असेल तर दोन्ही फोन काही आठवडे एकत्र चालू ठेवा. आई कुठला उचलतात ते त्या दिवसांत बघून घ्या.